लकव्यानंतर छातीलाही व्यायाम हवा

मराठवाड्यात एखाद्याच्या अंगावरून वारं गेलं की घरादाराचं लक्ष हातापायाकडे लागतं. बोटं हलतात का, पाय उचलतो का, धरून चार पावलं टाकतो का, भेटायला येणारा प्रत्येक जण हेच विचारतो. मालिशचं तेल येतं, काठी येते, वॉकर येतो. छातीकडे मात्र कुणी बघत नाही, कारण श्वास तर चालूच असतो. पण पक्षाघाताच्या पहिल्या झटक्यातून वाचलेला माणूस पुढच्या काही आठवड्यांत दगावतो, तेव्हा त्यामागे पुष्कळदा न्यूमोनिया असतो. आणि या न्यूमोनियाला वाट मिळते ती बिघडलेल्या गिळण्यामुळे आणि दुबळ्या झालेल्या खोकल्यामुळे.

श्वास दोन वाटांनी चालतो. झोपेतला, आपण लक्ष न देता चालणारा श्वास मेंदूच्या देठातून हाकला जातो. ठरवून घेतलेल्या खोल श्वासाचा हुकूम मोठ्या मेंदूतून निघतो, मानेतल्या मज्जारज्जूपर्यंत येतो आणि तिथून फ्रेनिक नसेमार्गे श्वासपटलाला पोचतो. छाती आणि पोट यांच्यामधला हा घुमटासारखा स्नायू खाली सरकला की हवा आत येते. मेंदूच्या एका बाजूचा रक्तपुरवठा तुटला की यातली दुसरी वाट अधू होते. म्हणूनच झोपलेल्या रुग्णाची छाती बरोबर वरखाली होताना दिसते. पण त्याला बसवून, दोन्ही बरगड्यांवर आपले तळहात ठेवून ‘आता मोठा श्वास घ्या’ म्हणावं, तर चांगल्या बाजूवरचा आपला तळहात उचलला जातो आणि लकव्याच्या बाजूवरचा बऱ्याचदा मागे राहतो. घरच्यांना हे एकदा हातानं जाणवलं की पुढचं फार समजावून सांगावं लागत नाही.

श्वासाचा जोर मोजता येतो. पूर्ण ताकदीनं हवा आत ओढताना निर्माण होणारा दाब निरोगी प्रौढात साधारण ८० ते १०० सेंटिमीटर पाण्याच्या उंचीइतका भरतो. पक्षाघाताच्या रुग्णांत तो निम्म्यावर किंवा त्याहूनही खाली आल्याचं अनेक अभ्यासांत दिसलं आहे. त्यात अंथरुणाला खिळून राहिल्यामुळे भर पडते. एका कुशीवर कलंडून बसण्याची सवय, ताठरलेल्या बरगड्या, पोटाच्या स्नायूंचा सुटलेला ताबा, सगळंच श्वासाच्या मुळावर येतं.

खोकला ही तर तालमीतल्या गड्यासारखी ताकद मागणारी क्रिया आहे. आधी भरपूर हवा आत घ्यायची, मग घशाचं दार क्षणभर, सुमारे ०.२ सेकंद, घट्ट मिटायचं आणि पोटाच्या स्नायूंनी आतून जोर लावून ते एकदम उघडायचं. धडधाकट माणसाच्या खोकल्यात हवेचा वेग मिनिटाला ३६० लिटरच्या वर जातो. तो १६० च्या खाली घसरला की बेडका जागचा हलत नाही. ‘खोकायलेत, पण काही निघंना’ असं घरची माणसं सांगतात, ते याचंच वर्णन असतं.

आता याला गिळण्याच्या बिघाडाची जोड द्या. पक्षाघातानंतरच्या पहिल्या दिवसांत निम्म्याच्या आसपास रुग्णांना गिळायला त्रास होतो. नेमकं तेव्हाच पाहुणे नारळपाणी घेऊन येतात आणि कुणीतरी मायेनं, आडव्या पडलेल्या माणसाच्या तोंडात ते चमच्यानं सोडतं. पातळ पदार्थ घशात वेगानं सरकतो. श्वासनलिका वेळेत झाकली गेली नाही तर तो थेट फुप्फुसाकडे जातो. पुष्कळ रुग्णांना अशा वेळी ठसकाही लागत नाही, त्यामुळे सगळं व्यवस्थित चाललंय असं वाटत राहतं. म्हणून गिळण्याची तपासणी होईपर्यंत तोंडानं पाणीसुद्धा देऊ नये. परवानगी मिळाल्यावरही रुग्णाला नीट बसवून, छोटे घास, जेवणानंतर अर्धा तास बसतं ठेवणं आणि रोज तोंड स्वच्छ करणं, एवढं तरी व्हावंच. हे मी आग्रहानं सांगतो, कारण यातलं काहीच महाग नाही.

छातीच्या व्यायामासाठी वापरतात ते उपकरण मुठीत मावणारं असतं. तोंडात धरायची नळी आणि आत स्प्रिंगची झडप. ठरवलेल्या दाबाइतका जोर लावल्याशिवाय झडप उघडतच नाही. जोर कमी पडला तर हवा येत नाही, पुरेसा लागला तर येते. श्वास आत घेण्यासाठी एक प्रकार, बाहेर सोडण्यासाठी दुसरा. बाहेर सोडण्याच्या व्यायामात हनुवटीखालचे, गिळताना कामी येणारे स्नायूही राबतात, म्हणून गिळण्याच्या उपचारातही त्याचा उपयोग करून पाहिला जातो.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. कोरोनानंतर आपल्याकडे घरोघरी तीन गोळ्यांचं प्लॅस्टिकचं यंत्र येऊन पडलंय. काही शे रुपयांत मिळतं, त्यामुळे ‘तेच वापरू का?’ हा प्रश्न हमखास येतो. त्या गोळ्या हवेच्या वेगानं उचलल्या जातात. सेकंदाला ६०० मिलिलिटर वेगाला पहिली, ९०० ला दुसरी, १,२०० ला तिसरी. एक झटका देऊन गोळी क्षणभर उडवता येते आणि स्नायूवर भार फारसा पडत नाही. फुप्फुसं फुलवण्यासाठी ते यंत्र चांगलंच आहे, शस्त्रक्रियेनंतर देतात ते त्यासाठीच. पण स्नायूची ताकद वाढवायची तर मोजून ठेवलेला आणि हळूहळू वाढवलेला भार लागतो, तो त्यात नाही. फुगे फुगवणं किंवा प्राणायाम यांतही भार मोजता येत नाही. कपालभाती, भस्त्रिका असे जोरकस प्रकार आणि श्वास कोंडून धरणं तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय करूच नये, कारण त्यात रक्तदाब चढू शकतो.

प्रत्यक्ष व्यायाम करताना पहिली अडचण येते ती ओठांची. चेहऱ्याची एक बाजू लुळी असते, नळीच्या कडेनं हवा निसटते आणि रुग्ण कितीही जोर लावो, झडपेपर्यंत तो पोचतच नाही. अशा वेळी शेजारी बसलेल्या घरच्या माणसानं दोन बोटांनी त्या बाजूचा ओठ नळीवर हलकेच दाबून धरायचा. नाकाला चिमटा लावायचा. रुग्ण खुर्चीत, पाठ टेकून, लुळा हात उशीवर. पहिल्या दिवशी पाचसहा श्वासांतच ‘दम लागायलाय’ असं ऐकू येतं. मग थांबायचं, विसावा घ्यायचा, पुन्हा सुरू करायचं. गरगरलं, छातीत दुखलं की त्या दिवशीचं काम तिथेच बंद. सुरुवातीचा भार साधारणपणे मोजलेल्या कमाल दाबाच्या ३० टक्क्यांच्या आसपास ठेवतात आणि फिजिओथेरपिस्ट तो पुन्हा मोजून दर आठवड्याला वाढवतात. वाढवणं राहून गेलं की व्यायाम नुसता नावापुरता उरतो.

याचा फायदा किती? २०१२ साली, उपचारांच्या चाचण्या एकत्र करून तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या आढाव्याला या विषयावर फक्त २ चाचण्या आणि ६६ रुग्ण सापडले होते, त्यावरून काही ठरवणं शक्य नव्हतं. २०१६ च्या एका आढाव्यात ५ चाचण्यांतल्या २६३ रुग्णांचा हिशेब मांडला गेला. रोज अर्धा तास, आठवड्यातून ५ दिवस, ५ आठवडे, असा साधारण क्रम होता. आत ओढण्याचा दाब सरासरी ७ सेंटिमीटरनं आणि बाहेर सोडण्याचा १३ सेंटिमीटरनं वाढला, आणि श्वसनाच्या गुंतागुंतीचा धोका निम्म्याहून खाली आला. दुसरी बाजूही सांगायला हवी. २०१५ च्या लंडनमधल्या ७८ रुग्णांच्या चाचणीत व्यायाम करणाऱ्यांचा खोकला सुधारला, पण तुलनेसाठी नुसतं नावापुरतं उपकरण दिलेल्या गटातही तेवढाच सुधारला. म्हणजे पहिल्या आठवड्यांत शरीर आपणहून सावरत होतं. २०१९ साली ब्राझीलमधल्या ३८ रुग्णांच्या चाचणीत एका गटानं घरी रोज ४० मिनिटं, ८ आठवडे व्यायाम केला. त्यांची ताकद वाढली, धाप कमी झाली, चालण्याचं अंतर मात्र ठळकपणे वाढलं नाही. हे सगळं पाहता मला वाटतं, चालणं सुधारेल या आशेनं हे करू नये. धाप आणि बेडका यांसाठी करावं, आणि हातापायांच्या व्यायामाच्या जोडीनं करावं.

आपल्या भागाचा विचार केला तर मला याचं मोल आणखी वाटतं. बीड, जालना, धाराशिवकडच्या कितीतरी गावांतून दिवाळीच्या सुमारास तरणी माणसं ऊसतोडीला जातात आणि लकव्याचा रुग्ण म्हाताऱ्या माणसाच्या भरवशावर घरी राहतो. त्याला धरून चालवायला कुणी नसतं. बसल्या जागी करायचा व्यायाम मात्र एकदा नीट शिकवला, तर अशा घरातही चालू राहू शकतो. भार बदलण्यासाठी तेवढं जिल्हा रुग्णालयात किंवा लातूर, नांदेड, अंबाजोगाई, छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात जाऊन यावं. तिथे गेल्यावर ‘यांच्या खोकल्याचा जोर बघा’ असं आपणहून म्हणावं, कारण गर्दीत ते राहून जातं.

सगळ्यांना हा व्यायाम चालत नाही. रक्तदाब आटोक्यात नसेल, मेंदूत नुकताच रक्तस्राव झाला असेल, हृदयविकाराचा झटका येऊन थोडेच दिवस झाले असतील, बरगडी मोडली असेल किंवा फुप्फुसाभोवती हवा साठली असेल, तर डॉक्टरांनी सांगेपर्यंत उपकरणाला हात लावू नये. आणि व्यायाम चालू असो वा नसो, ताप आला, श्वास जलद झाला, जेवताना किंवा पाणी पिताना आवाज ओला, घरघरता येऊ लागला, किंवा रुग्ण नेहमीपेक्षा गुंगीत राहू लागला, तर उद्यावर ढकलू नये, त्याच दिवशी दवाखाना गाठावा.