९पी२१ क्षेत्र

मानवाच्या नवव्या गुणसूत्राच्या आखूड भुजेवरील ९पी२१.३ या पट्ट्यातील सुमारे ५८,००० क्षारकजोड्यांचा (डीएनएच्या अक्षरजोड्यांचा) तुकडा. नावातील ‘पी’ ही आखूड भुजेची खूण. लोकसंख्येत सर्रास आढळणाऱ्या जनुकीय फरकांपैकी हृद्‌रोहिणी विकाराशी सर्वांत आधी व सर्वांत ठामपणे जोडले गेलेले हे क्षेत्र असले, तरी त्यात प्रथिन घडवणारे एकही जनुक नाही.

२००७ मध्ये रूथ मॅकफर्सन यांचा ओटावा येथील गट आणि आइसलँडमधील डीकोड या कंपनीचे संशोधक यांनी हा संबंध स्वतंत्रपणे दाखवला. दोन्ही निबंध ‘सायन्स’मध्ये पाठोपाठच्या पानांवर आले, तेव्हा अग्रक्रमाचा वाद उरत नाही. त्याच वर्षी ब्रिटनमधील वेलकम ट्रस्ट संघालाही तेच क्षेत्र सापडले. आइसलँडच्या अभ्यासात सुमारे २१ टक्के लोकांत धोक्याचा पर्याय (या क्षेत्राचे विकाराशी जोडलेले रूप) दोन्ही गुणसूत्रांवर होता. तो मुळीच नसलेल्यांच्या तुलनेत त्यांचा हृदयविकाराच्या झटक्याचा धोका १.६४ पट, तर कमी वयात येणाऱ्या झटक्याचा २.०२ पट निघाला. कोलेस्टेरॉल, रक्तदाब व मधुमेह हिशेबात धरूनही संबंध टिकतो. म्हणजे धोका नेहमीच्या वाटेने येत नाही.

कोणत्या वाटेने येतो, यावर मात्र मतभेद आहेत. शेजारची सीडीकेएन२ए व सीडीकेएन२बी ही जनुके पेशीविभाजनाला लगाम घालतात. साहजिकच पहिला संशय त्यांच्यावर गेला. २०१० मध्ये उंदराच्या चौथ्या गुणसूत्रावरील सुमारे ७०,००० क्षारकजोड्यांचा समकक्ष भाग काढून टाकला, तेव्हा हृदयातील या दोन्ही जनुकांची अभिव्यक्ती (कार्याची पातळी) खूप घटली आणि महारोहिणीच्या स्नायुपेशी बेसुमार वाढू लागल्या. महारोहिणीतील मेदाचे थर मात्र वाढले नाहीत. २०११ मध्ये या क्षेत्रात ३३ वर्धक अनुक्रम (जनुकाचे कार्य दुरून वाढवणारे भाग) असल्याचे व धोक्याच्या पर्यायामुळे त्यांपैकी एकावरील स्टॅट१ या प्रथिनाची चिकटण्याची जागा मोडत असल्याचे मांडले गेले. स्टॅट१ दाहाच्या संदेशांत भाग घेते, म्हणून दाहाशी दुवा जोडण्यात आला.

दुसरा पक्ष अनरिल या प्रथिन न घडवणाऱ्या लांब आरएनएचा आहे. फ्रेंच संशोधकांना तो २००७ मध्येच, पण कर्करोगग्रस्त कुटुंबाच्या अभ्यासात सापडला होता. ९पी२१ क्षेत्र त्याच्या एका टोकावर पसरलेले आहे. धोक्याच्या पर्यायाने अनरिल वाढते की घटते, याची उत्तरे परस्परविरोधी आहेत. त्याचे एक कारण मोजणीतच आहे. अनरिलची आखूड, लांब व वर्तुळाकार अशी अनेक रूपे असून चाचणीचा प्रायमर (मोजायचा भाग पकडणारा डीएनएचा छोटा तुकडा) ज्या भागावर बसवावा त्यानुसार वेगळेच रूप मोजले जाते. २०१८ मध्ये मूळपेशींपासून बनवलेल्या मानवी स्नायुपेशींतून धोक्याचा तुकडा कापून काढल्यावर त्यांची बिघडलेली चिकटण्याची व आकुंचनाची क्षमता पूर्ववत झाली. उलट, निर्धोक पेशींत आखूड अनरिल वाढवले असता तोच बिघाड उमटला. उंदरापेक्षा मानवी पेशींवरचा हा पुरावा अधिक वजनाचा मानावा लागेल. रोहिणीच्या भिंतीतील स्नायुपेशी हेच मुख्य स्थान, हे मत त्यामुळे बळावले.

विश्लेषणातील एक खाचखळगा येथे नोंदवणे आवश्यक आहे. सर्वाधिक वापरली जाणारी खूण (डीएनएतील एकाक्षरी फरकाची जागा) आरएस १३३३०४९ हिचे पर्याय सी व जी ही अक्षरे असून धोक्याचा पर्याय सी. डीएनएच्या समोरच्या धाग्यावर सीची जागा जी घेतो आणि जीची सी. दोन प्रयोगशाळांनी वेगवेगळे धागे वाचले, तर एकीचा धोका दुसरीचे संरक्षण ठरतो आणि माहिती एकत्र करताच परिणाम शून्याकडे सरकतो. युरोपीय लोकांत दोन्ही पर्यायांचे प्रमाण निम्म्याच्या आसपास असल्याने वारंवारता पाहूनही चूक पकडता येत नाही. त्यामुळे जवळचीच आरएस १०७५७२७८ ही खूण बरी. तिचे पर्याय ए व जी (धोक्याचा जी), म्हणून उलटा धागा टी-सी असा लगेच उघडा पडतो.

वैद्यकीय उपयोग मर्यादित आहे. हे क्षेत्र रोहिणी किती व्यापली जाईल याच्याशी निगडित आहे. रोग आधीच असलेल्यांत झटका कोणाला येईल, हे त्यावरून ठरत नाही. नेहमीच्या धोका-मापनात या एकट्या चाचणीने फारशी भर पडत नाही. बहुजनुकीय गुणांकात (अनेक जनुकीय फरकांच्या एकत्रित धोक्याच्या बेरजेत) मात्र ती धरली जाते.

जपानी व कोरियन लोकांतही हा संबंध आढळला आहे. आफ्रिकी वंशाच्या लोकांत तो क्षीण दिसतो. तेथे शेजारच्या खुणा एकत्र वारशाने येण्याचे पट्टे आखूड असतात, म्हणून मोजलेली खूण धोक्याच्या खऱ्या जागेबरोबर जात नसावी. उदरातील महारोहिणीच्या व मेंदूतील रोहिण्यांच्या फुगवट्यांशीही हेच क्षेत्र जोडलेले आहे. मधुमेहाच्या दुसऱ्या प्रकाराशी संबंधित आरएस १०८११६६१ ही खूण अगदी लगत असली, तरी ती वेगळ्या गटात मोडते.