मेंदू आणि व्यक्तिमत्त्व

माणसाच्या विचारांची, भावनांची आणि वागण्याची जी ठेवण वर्षानुवर्षे बरीचशी टिकून राहते, तिला व्यक्तिमत्त्व म्हणतात. ही ठेवण मेंदूची रचना, त्यातली रसायने आणि अनुभवांनी बदलत जाणाऱ्या चेतापेशींच्या जोडण्या यांतून घडते. स्वभावाचे एखादे ठरावीक केंद्र मात्र मेंदूत नाही. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला डॉक्टर फ्रान्झ योझेफ गाल यांच्या मांडणीमुळे कवटीवरच्या उंचवट्यांवरून माणसाचे गुणदोष ओळखण्याचे शास्त्र लोकप्रिय झाले. ते खोटे ठरले. मेंदूचे वेगवेगळे भाग वेगवेगळी कामे करतात, एवढाच त्यातला विचार टिकला.

या विषयातले सर्वांत गाजलेले उदाहरण फिनियस गेज यांचे. १३ सप्टेंबर १८४८ रोजी अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्यात रेल्वेमार्गासाठी खडक फोडताना सुरुंग अवेळी उडाला. दारू ठासायची एक मीटरहून लांब आणि सहा किलो वजनाची पहार त्यांच्या डाव्या गालाखालून घुसली आणि डोक्याच्या वरून बाहेर पडली. काही मिनिटांतच पंचवीस वर्षांचे गेज बोलू लागले आणि गाडीत बसून मुक्कामी गेले. जखम भरली, पण कामावर विश्वासू मानला जाणारा हा मुकादम आता शिवराळ, हट्टी आणि धरसोड झाला होता. एक बेत आखायचा, तो टाकून लगेच दुसरा धरायचा. ‘हा आता गेज राहिलेला नाही,’ असे ओळखीचे लोक म्हणत, अशी नोंद त्यांचे डॉक्टर जॉन हार्लो यांनी १८६८ मध्ये प्रसिद्ध केली. ही कहाणी बहुतेक ठिकाणी इथेच थांबवली जाते, आणि तो गेज यांच्यावर अन्याय आहे. पुढे त्यांनी चिली देशात काही वर्षे घोडागाडी हाकली. ठरलेल्या वेळा पाळणे, घोडे सांभाळणे आणि उतारूंशी नीट वागणे ज्याला जमते, तो माणूस बराच सावरलेला असणार.

गेज यांची इजा ललाटखंडाच्या, म्हणजे कपाळामागच्या मेंदूच्या, पुढच्या भागातली होती. मनात आलेले लगेच न करणे, परिणामांचा अंदाज घेणे, समोरच्याच्या भावना ओळखून बोलणे ही कामे मुख्यतः या भागाच्या आधाराने चालतात. तो पूर्ण पक्व व्हायला विशीचा मध्य उजाडतो. किशोरवयातल्या उतावीळपणामागे हे एक मोठे कारण असते.

याच भागाची हळूहळू झीज होते तेव्हा काय घडते, ते ललाट-शंखखंडी स्मृतिभ्रंशात दिसते (शंखखंड म्हणजे कानशिलाजवळचा मेंदूचा भाग). प्रागमधील डॉक्टर आर्नोल्ड पिक यांनी १८९२ मध्ये अशा रुग्णाचे वर्णन केले. हा आजार बहुधा ४५ ते ६५ या वयात सुरू होतो. नावाप्रमाणे स्मरणशक्ती आधी जाते असे मात्र नाही. नावे, रस्ते, तारखा आठवतात. पण आयुष्यभर भिडस्त असलेला माणूस अनोळखी लोकांना तोंडावर लागेल असे बोलतो, दुसऱ्याच्या ताटातले उचलून खातो, घरात कोणी रडत असले तरी शांतपणे टीव्ही पाहत बसतो. तो मुद्दाम असा वागतो, असे घरच्यांना वाटते. निदानाला अनेकदा काही वर्षे लागतात आणि तोवर भांडणांनी नाती विस्कटलेली असतात. म्हणूनच उतारवयाकडे झुकताना स्वभाव एकाएकी पालटला, तर डॉक्टरांना दाखवणे अत्यंत गरजेचे आहे.

भीतीचा संबंध शंखखंडात खोलवर असलेल्या बदामाच्या आकाराच्या अमिग्डालाशी आहे. ‘एस. एम.’ या आद्याक्षरांनी ओळखल्या जाणाऱ्या अमेरिकन स्त्रीचे दोन्ही बाजूंचे अमिग्डाला एका दुर्मीळ आजाराने निकामी झाले होते. साप आपल्याला आवडत नाहीत, असे सांगत असतानाच ती ते हातात घेऊन कुतूहलाने न्याहाळत असे. पण कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण जास्त असलेली हवा हुंगायला दिल्यावर हीच स्त्री घाबरून गेली. म्हणजे भीतीचे सारे धागे अमिग्डालातून जात नाहीत. अमेरिकन रुग्ण हेन्री मोलेसन यांची गोष्ट वरच्या स्मृतिभ्रंशाच्या उलट बाजूची. अपस्मारासाठी १९५३ मध्ये केलेल्या मेंदूच्या शस्त्रक्रियेनंतर नव्या आठवणी साठवणे त्यांना जवळजवळ अशक्य झाले. तरीही सौम्य, विनयशील स्वभाव अखेरपर्यंत टिकला.

स्वभावाला औषध नाही, असे आपण म्हणतो. कंपवाताच्या (पार्किन्सनच्या) उपचारांत मात्र औषधानेच वागणे पालटलेले दिसते. डोपामाइन या मेंदूतल्या रसायनासारखे काम करणारी औषधे घेताना काही रुग्णांना जुगाराचा किंवा बेसुमार खरेदीचा नाद लागतो. डॉक्टरांनी औषध कमी केले किंवा बदलले की तो बहुधा ओसरतो.

जुळ्यांच्या अभ्यासांनुसार माणसामाणसांच्या स्वभावातल्या फरकांपैकी साधारण ४० ते ५० टक्के आनुवंशिक असतात. याचा अर्थ एकाच माणसाचा अर्धा स्वभाव आईवडिलांकडून आलेला असतो, असा नाही. हा आकडा लोकसमूहातल्या फरकांविषयी आहे. शिवाय जनुके आणि परिस्थिती एकमेकांवर परिणाम करत राहतात.

डावा मेंदू तर्कनिष्ठ आणि उजवा कलावंत, ही लोकप्रिय विभागणी संशोधनात टिकलेली नाही. निरोगी लोकांच्या मेंदूच्या एखाद्या भागाचा आकार आणि त्यांचा स्वभाव यांतला संबंध मोठ्या पाहण्यांमध्ये फारच क्षीण आढळतो. मेंदूचे चित्र पाहून त्यातला माणूस मनमिळाऊ आहे की तुसडा, हे आज कोणालाही सांगता येत नाही.