फिश हाउसचा पत्रा: ॲल्युमिनियम की लोखंड?

मिनेसोटातली पानं गळून झाली की ओळखीपाळखीतला कुणी ना कुणी गॅरेजमध्ये फिश हाउस बांधायला घेतो आणि मला फोन करतो. "बाहेरून ॲल्युमिनियम लावतोय. गंजायची भानगडच नको." हे मी इतक्यांदा ऐकलंय की आता समोरच्याचं बोलणं पुरं व्हायच्या आत विचारतो, "स्क्रू कुठले घेतलेस?" बहुतेक वेळा पलीकडे शांतता.

ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी: फिश हाउस म्हणजे गोठलेल्या तळ्यावर ओढत न्यायची खोली. खोलीच्या तळात भोकं, त्यांच्या बरोबर खाली बर्फात पाडलेली भोकं, एक हीटर, एक बाक आणि वॉलाय मासा गळाला लागेल या आशेवर बसलेली दोन माणसं. काही घरं चाकांवर असतात, काही नुसत्या स्किडवर, म्हणजे घसरपट्ट्यांवर, घसरत जातात. बांधणाऱ्यांच्या चर्चेत बाहेरच्या आवरणाचा वाद हमखास निघतो. इथल्या घरांच्या भिंतींना बाहेरून असतं ते व्हिनाइल सायडिंग, म्हणजे प्लास्टिकच्या पट्ट्या, मी धरतच नाही. उणे 25 सेल्सियसला ते काचेसारखं ठिसूळ होतं, गाडी मागे घेताना एक ठोकर लागली की कपचा उडाला. राहतात दोन: लोखंडी पत्रा आणि ॲल्युमिनियमचा.

लोखंडी पत्र्याची ओळख आपल्याला करून द्यायला नको. गोठ्यावर, शेडवर, चाळीच्या गच्चीवर तोच. इथे तो पन्हळी नसून चौकोनी फुगवट्यांचा असतो आणि रंगवलेला येतो, एवढाच फरक. घोळ होतो तो दुकानात. रंग चढवला की दोन्ही पत्रे सारखेच दिसतात, आणि त्यात 'गॅल्व्हल्यूम' नावाचा प्रकार. नावात ॲल्युमिनियमचं शेपूट असल्यानं लोक तो ॲल्युमिनियम समजून घेऊन येतात. तो लोखंडी पत्राच आहे. फक्त त्यावरच्या मुलाम्यात 55 टक्के ॲल्युमिनियम, बाकी बहुतेक जस्त आणि थोडं सिलिकॉन असतं. फ्रिजवरचं एक लोहचुंबक खिशात टाकून जा. चिकटलं तर लोखंड. विक्रेत्याला विचारत बसू नका.

आता किरकोळ फरक भराभर उरकतो. वजन: ॲल्युमिनियमची घनता 2.7, लोखंडाची 7.85. साडेसहा बाय सोळा फुटांच्या घराला भिंती आणि छप्पर धरून साधारण 400 चौरस फूट पत्रा लागतो, आणि नेहमीच्या जाडीत फरक पडतो सत्तर-ऐंशी किलोंचा. यावर लोक तासन्‌तास वाद घालतात. आतल्या दोघांतला एक माणूस बाहेर काढला की तेवढा फरक भरून निघतो. गेज, म्हणजे पत्र्याच्या जाडीचा नंबर: दोन्ही धातूंचे गेज एकच नव्हेत. 26 गेजचा जस्ती लोखंडी पत्रा सुमारे 0.55 मिमीचा, तर 26 गेजचं ॲल्युमिनियम सुमारे 0.40 मिमीचं. गेज विसरा, मिलिमीटर विचारा. प्रसरण: ॲल्युमिनियम लोखंडाच्या जवळजवळ दुप्पट फुगतं-आकसतं. जुलैच्या उन्हापासून जानेवारीच्या थंडीपर्यंत सोळा फुटी पट्टी सात मिमीच्या आसपास हलते, म्हणून तिची भोकं स्क्रूपेक्षा जराशी मोठी ठेवायची. पोचे ॲल्युमिनियमला लवकर पडतात. झालं.

खरी मेख 'ॲल्युमिनियम गंजत नाही' या वाक्यात आहे. एकटं असताना ते खरंच गंजत नाही. हवेत त्याच्यावर ऑक्साइडचा पातळ पापुद्रा धरतो आणि तो खालच्या धातूला राखतो. पण आपल्या आज्यांना यातलं पुढचं ठाऊक होतं. जर्मलच्या पातेल्यात लोणचं ठेवू नको, चिंचेचं सार रात्रभर ठेवू नको, सकाळी तळाला बारीक खड्डे पडलेले दिसतील. मिठातलं क्लोराइड तो पापुद्रा फोडतं. आता डोळ्यासमोर आणा मिनेसोटाचा हायवे: डिसेंबर ते मार्च रस्त्यावर मीठ ओततात, कडाक्याच्या थंडीत मॅग्नेशियम क्लोराइडचं पाणीही फवारतात, आणि चाकांवरचं घर ताशी साठ मैलांनी त्याच्या फवाऱ्यातून मिल लॅक्स तळ्यापर्यंत जातं. म्हणजे लोणच्याची बरणीच.

नुसत्या मिठानं मात्र भिंत पडत नाही. भिंत पडते संगतीनं. दोन वेगळे धातू एकमेकांना टेकले आणि मधे खारट ओल आली की त्याची एक छोटी बॅटरी होते आणि त्यातला एक धातू झिजत जातो. खाऱ्या पाण्यात झिजण्याची रांग साधारण अशी लागते: सगळ्यात आधी जस्त, मग ॲल्युमिनियम, मग साधं लोखंड, मग तांबं, आणि बरंच पुढे स्टेनलेस. दोघांपैकी रांगेत जो आधी, तो दुसऱ्यासाठी मरतो. लोखंडी पत्र्यावर जस्त चढवतात ते याचसाठी. ओरखडा पडला तरी आधी जस्त जातं, लोखंड वाचतं. ॲल्युमिनियमच्या पत्र्यात तुम्ही लोखंडी स्क्रू मारलात की मात्र झिजायची पाळी पत्र्याची.

आणि लोक फसतात ते इथेच. त्या स्क्रूवर जस्ताचा मुलामा असतो. पहिले एक-दोन हिवाळे जस्त स्वतः झिजतं आणि सगळं झकास दिसतं. माणूस मित्रांना सांगत सुटतो, "बघ, काही झालं नाही." तिसऱ्या वर्षी जस्त संपतं, आतलं लोखंड उघडं पडतं, आणि पत्र्याचा घास सुरू होतो. तेही वॉशरच्या खाली, जिथे दिसत नाही. लोखंड बिचारं तांबडे ओघळ काढून बोंब तरी मारतं. ब्रशनं घासलं, रंगाचा हात मारला, आणखी पाच वर्षं निभावतं. ॲल्युमिनियम गुपचूप जातं.

माझं पहिलं घर असंच गेलं. जुना ॲल्युमिनियमचा पत्रा स्वस्तात मिळाला होता. खाली ट्रीटेड लाकडाचा सांगाडा, कारण लाकूड कुजायला नको, आणि दुकानातले नेहमीचे जस्ती स्क्रू. चौथ्या हिवाळ्यात हायवेवर मागून एकसारखा फडफड आवाज येऊ लागला. थांबून पाहिलं तर खालच्या ओळीतले स्क्रू लाकडात घट्ट, जागच्या जागी, पण पत्रा त्यांच्या डोक्यांखालून मोकळा सुटलेला. भोकांभोवती रांगोळी सांडावी तशी पांढरी पूड. अंगठा दाबला तर कडेचा पत्रा बिस्किटासारखा तुटला. वरच्या ओळी, जिथे रस्त्याचा फवारा पोचत नाही, त्या बऱ्यापैकी शाबूत होत्या.

पण पत्रा उतरवल्यावर कळलं की पाठीमागूनही तो जागोजागी खड्ड्यांनी भरलाय, आणि तिथे तर रस्त्याचं मीठ पोचलंच नव्हतं. ती करामत ट्रीटेड लाकडाची. 2003 च्या अखेरीस घरगुती वापरासाठी आर्सेनिकवालं जुनं लाकूड अमेरिकेत बंद झालं, त्याच्या जागी जे आलं त्यात तांबं भरपूर. ओल आली की ते तांबं पाण्यात उतरतं आणि ॲल्युमिनियमवर ठिपक्याठिपक्यानं बसतं. प्रत्येक ठिपका म्हणजे एक बॅटरी. आणि आत ओल कुठून आली? प्रोपेनमधून. एक किलो प्रोपेन जळला की सुमारे 1.6 किलो पाणी तयार होतं. हीटरला बाहेर जाणारी नळी नसेल तर नेहमीच्या नऊ किलोंच्या बाटलीतून जवळजवळ पंधरा लिटर पाणी वाफ होऊन खोलीतच फिरतं, आणि भिंतीच्या आतून ओल अडवायला लावलेलं प्लास्टिक जिथे फाटलंय तिथून भिंतीत शिरून थंडगार पत्र्याच्या पाठीला जाऊन बसतं. (हीटर आणि हवा हा वेगळा विषय आहे. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म मात्र लावाच.)

आता एक गोष्ट, जी ऐकून जाणते बांधणारेही मान हलवतात आणि तरी उलट करतात. कोण झिजणार हे रांग ठरवते, पण किती जोरात झिजणार हे आकार ठरवतो. झिजणारा मोठा आणि दुसरा लहान असेल तर नुकसान पसरतं, सावकाश होतं. म्हणून ॲल्युमिनियमच्या मोठ्या पत्र्यात स्टेनलेसचा छोटा स्क्रू, खाली रबराचा वॉशर, हे चालतं, जरी रांगेत ते दोघे एकमेकांपासून बरेच लांब असले तरी. उलट लोखंडाच्या मोठ्या पत्र्यात ॲल्युमिनियमचे रिबीट ठोकले तर जस्त झिजल्यावर सगळा मार त्या इवल्याशा रिबिटांवर येतो, आणि ती पटापट जातात. 'ॲल्युमिनियमचं रिबीट गंजत नाही' म्हणून लोखंडी पत्र्याला तीच वापरणारे लोक मी दरवर्षी बघतो. हसावं की रडावं कळत नाही.

माझा कौल असा. स्किडवरचं घर, वर्षातून दोनदा हलणार, त्याला रंगीत लोखंडी पत्रा, दुसरा विचारच नको. चाकांवरचं घर, जे दर शनिवारी मिठातून जाणार, त्याला ॲल्युमिनियम जरूर घ्या, पण स्क्रू स्टेनलेसचे. सांगाडा लोखंडी नळ्यांचा असेल तर नळी आणि पत्रा यांच्यामध्ये सगळीकडे ब्यूटाइलची चिकट रबरी टेप, एक इंचही उघडा नको. लाकडी असेल तर भिंतीला साधं लाकूडच वापरा. ट्रीटेड फक्त तळाला, आणि त्यावर ओल अडवणारा जाड पडदा घालूनच पत्रा टेकवा. तांब्याशी लोखंडी पत्र्याचंही फारसं पटत नाही, तेव्हा पडदा दोघांनाही. एवढं सांभाळणं जमणार नसेल तर मुकाट लोखंड लावा.

बसवताना आपली गावाकडची सवय थोडी मोडावी लागते. कोकणात छपराच्या पत्र्याला भोक नेहमी फुगवट्याच्या माथ्यावर, खाली डांबरी वॉशर, कारण पाणी पन्हळीतून वाहतं. इथे भिंतीला स्क्रू सपाट भागात मारायचा. पाठीमागे टणक आधार असला तरच रबरी वॉशर नीट दबतो. वॉशर कडेनं किंचित फुगलेला दिसला की थांबा, पिळत बसू नका. फुगवटे उभे ठेवा. आडवे छान दिसतात म्हणे, पण प्रत्येक आडवी खाच खाऱ्या चिखलाची तबकडी होते. आणि पत्रे मागून पुढे लावत या, म्हणजे पुढचा पत्रा मागच्यावर चढेल, कौलं चढवतो तसा. उलटे लावले तर जोडाच्या फटीत हायवेचा वारा नाक खुपसतो. ग्राइंडरनं पत्रा कापणाऱ्याला मी माझ्या गॅरेजात उभा करत नाही. ठिणग्यांतले लोखंडाचे कण रंगात रुततात आणि आठवड्यात सगळीकडे तांबडे ठिपके. कातरी घ्या, नाहीतर निबलर, म्हणजे पत्रा कुरतडत कापणारं यंत्र.

मार्चच्या पहिल्या सोमवारी दक्षिणेकडच्या तळ्यांवरून घरं उचलायची मुदत संपते, उत्तरेकडे तिसऱ्या सोमवारी. घर अंगणात आलं की लोक दार लावून ऑक्टोबरपर्यंत विसरतात, आणि जोडांत सुकलेलं मीठ उन्हाळ्यातल्या प्रत्येक पावसात पुन्हा ओलं होत राहतं. थंडी सरून अंगणातले पाण्याचे पाइप सुरू झाले की पहिल्या रविवारी खालच्या दोन फुटांवर गोड्या पाण्याचा फवारा मारा, जोडाच्या फटीतसुद्धा, खालून वर. मग एखादा स्क्रू काढून वॉशरखाली बघा. पांढरी पूड असेल तर फोन करा. स्क्रू कुठले होते, हे मी आधी विचारेन.