अमर्याद डेटा आणि जुने ग्राहक : पार्श्वभूमी

३ जुलै २०२४ पासून मोबाइलचे दर वाढले, तेव्हा सोलापुरात नवी पेठेतल्या रिचार्जच्या दुकानांपासून पूर्वभागातल्या कारखान्यांपर्यंत भाववाढीइतकाच आणखी एक बदल लोकांना खटकला. जिओच्या २३९ रुपयांच्या, रोज दीड जीबीच्या पॅकवर तोवर अमर्याद फाइव्ह-जी मिळत असे; तो पॅक २९९ रुपयांचा झाला आणि अमर्याद फाइव्ह-जी रोज किमान दोन जीबी देणाऱ्या, म्हणजे २८ दिवसांसाठी ३४९ रुपयांच्या पॅकपासून पुढेच राहिले.

असा प्रकार अमेरिकेत आधी घडला होता. एटी अँड टी या तिथल्या मोबाइल कंपनीने जून २०१० मध्ये नव्या ग्राहकांसाठी अमर्याद डेटा बंद केला. जुन्यांचा प्लॅन कायम ठेवला खरा, पण पुढच्याच वर्षी जास्त डेटा वापरणाऱ्यांचा वेग कमी करायला सुरुवात केली. त्यावरून ग्राहकांचे हित पाहणाऱ्या तिथल्या फेडरल ट्रेड कमिशन या सरकारी संस्थेने २०१४ मध्ये खटला भरला आणि २०१९ मध्ये ६ कोटी डॉलरवर तडजोड झाली. व्हेरायझन या दुसऱ्या मोबाइल कंपनीने २०१२ मध्ये वेगळी वाट काढली : कंपनीकडून सवलतीत नवा फोन घ्यायचा, तर अमर्याद प्लॅन सोडावा लागेल. दोन्हीकडे जुन्या ग्राहकाला थेट बाहेर काढण्याऐवजी त्याने स्वतःहून निघावे, अशी सोय केलेली दिसते.

आपल्याकडे तेवढ्या खटाटोपाचीही गरज पडत नाही, कारण बहुतेक ग्राहक प्रीपेड आहेत. एकदा घेतलेल्या प्लॅनमध्ये सहा महिने ग्राहकाच्या तोट्याचा बदल करायचा नाही, असा ट्रायचा, म्हणजे दूरसंचार नियामक प्राधिकरणाचा, नियम आहे. पण २८ दिवसांच्या पॅकला त्याचा उपयोग फारसा नाही, कारण मुदत संपली की ग्राहक पुन्हा नवाच ठरतो. सप्टेंबर २०१६ मध्ये फुकट मिळू लागलेला जिओचा डेटा सुरुवातीला रोज ४ जीबी होता, जानेवारी २०१७ पासून तो १ जीबीवर आला, आणि त्यानंतर पैसे लागू लागले. प्रत्येक टप्प्याला नवी ऑफर म्हटले गेले.

कायमच्या म्हणाव्या अशा वचनाचे एकच मोठे उदाहरण आहे, ते २००५ च्या अखेरीस आलेल्या लाइफटाइम कार्डाचे. एअरटेलचे कार्ड ९९९ रुपयांना होते. एकदा पैसे भरून इनकमिंग कायम चालू राहील, असा लोकांचा समज झाला. कंपनीच्या परवान्याची मुदत हीच त्याची मुदत, हे तेव्हा कोणी फारसे लक्षात घेतले नाही. २०१८ च्या अखेरीस २८ दिवसांसाठी ३५ रुपयांचे किमान रिचार्ज आले आणि तो समजही मोडला.

२०२४ मध्ये दरवाढ २७ जूनला जाहीर झाली आणि ती लागू होण्याआधीच्या चार-पाच दिवसांत ज्यांनी २,९९९ रुपयांचा वर्षाचा पॅक मारून ठेवला, त्यांना जुना दर वर्षभर टिकवता आला. यंत्रमागावर आठवड्याच्या पगारावर काम करणाऱ्याला एकदम एवढी रक्कम काढणे अवघड असते, त्यामुळे त्याला नवे दर पुढच्याच रिचार्जला लागू झाले.