अन्नसुरक्षा आणि अन्न सार्वभौमत्व: रेशनच्या रांगेतून पाहिलेला फरक

सोलापूरच्या पूर्व भागात विड्या वळणाऱ्या एखाद्या घरात डोकावा. रेशनच्या पिशवीत बहुतेक वेळा गहू आणि तांदूळ. ज्वारी मात्र रोख पैसे मोजून आणलेली. आणि हा मुलूख कसला, तर मालदांडी ज्वारीचा! तेलुगू घरांत भात लागतोच, पण कडक भाकरी तिथेही सुटलेली नाही.

पिशवी भरली, ही अन्नसुरक्षा. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यानं प्राधान्य कुटुंबातल्या माणशी महिन्याला ५ किलो आणि अंत्योदय, म्हणजे सर्वांत गरीब, कुटुंबाला ३५ किलो धान्य हक्कानं मिळतं. २०२३ पासून तेही फुकट. याला नावं ठेवणाऱ्यानं विड्यांच्या मजुरीवर एक महिना घर चालवून दाखवावं.

पिशवीत काय असावं, ते कुणाकडून घ्यावं, हे खाणाऱ्यांनी आणि पिकवणाऱ्यांनी ठरवणं म्हणजे अन्न सार्वभौमत्व. शब्द जड आहे, अन्नस्वराज्य म्हटलं तरी चालेल. १९९६ मध्ये रोमच्या जागतिक अन्न परिषदेत सरकारांनी अन्नसुरक्षेची व्याख्या मान्य केली, आणि त्याच वेळी 'ला व्हिया कॅम्पेसिना' या शेतकरी संघटनेनं तिथं ही दुसरी कल्पना मांडली. आपल्याकडे फरक कळायला रोमला जायची गरज नाही. १९७२ च्या दुष्काळात अमेरिकेचा लाल मिलो (तिकडची ज्वारी) खाऊन माणसं जगली. तो पसंत आहे का, हे त्यांना कुणी विचारलं नव्हतं.

गच्चीवर चार कुंड्यांत मेथी लावली की स्वराज्य आलं, असंही नाही. नळाला रोज पाणी नाही, तिथं कुंडीचे लाड किती करणार? त्यापेक्षा गल्लीतल्या बचत गटानं सुगीत मंगळवेढ्याच्या शेतकऱ्याकडून एकदम वर्षाची ज्वारी घ्यावी, कडुनिंबाचा पाला घालून साठवावी, भाव दोघांनी बसून ठरवावा. अडचण भांडवलाची आणि कोरड्या जागेची. दहा बाय दहाच्या खोलीत पोती ठेवायची कुठं? समाजमंदिराची एक खोली मिळाली तर निम्मं काम झालं.

कायद्यातही एक वाट आहे. त्यात भरड धान्याची तरतूद आहे आणि प्रत्येक रेशन दुकानाला दक्षता समिती हवी. तुमच्या दुकानाच्या समितीत कोण आहे, पुढच्या खेपेला रांगेत उभं असताना विचारून बघा.