दहा यंत्रणांचा आदेश आणि मागे राहिलेले कलम ६९

पाळतीच्या कायद्यांची बातमी आपल्याकडे बहुतेक वेळा दोनच साच्यांत बसते. 'सरकार तुमच्या फोनमध्ये डोकावणार' हा एक आणि 'हे तर आधीच्याच सरकारने सुरू केले होते' हा दुसरा. दहा सरकारी यंत्रणांना संगणकांतील माहितीवर पाळत ठेवण्याचा अधिकार देणाऱ्या २० डिसेंबर २०१८ च्या अधिसूचनेच्या वेळी दोन-तीन दिवसांतच हे दोन्ही साचे वापरून झाले. मूळ कायद्याचा, म्हणजे माहिती तंत्रज्ञान कायद्यातील कलम ६९ चा, प्रश्न तेव्हा बाजूला पडला, तो आजही तिथेच आहे.

जुना भाग थोडक्यात सांगता येतो. १८८५ च्या तार कायद्यातील कलम ५(२) प्रमाणे कोणाचा संदेश मध्येच अडवायचा किंवा ऐकायचा, तर आधी सार्वजनिक आणीबाणी उद्भवलेली असावी लागे, नाहीतर सार्वजनिक सुरक्षिततेचे कारण असावे लागे. ही पायरी चढल्याशिवाय राष्ट्रीय सुरक्षा, परराष्ट्रांशी संबंध वगैरे पुढची कारणे विचारातच येत नसत. याच कलमात एक परंतुकही (अपवाद सांगणारी तरतूद) होते. अधिस्वीकृतीधारक, म्हणजे सरकारमान्य, पत्रकारांचे, भारतात छापण्यासाठी पाठवलेले वृत्तसंदेश अडवायचे नाहीत, मात्र त्या संदेशांवर वेगळी बंदी घातलेली असेल तर गोष्ट निराळी.

१९९१ मध्ये दिल्लीतल्या एका साप्ताहिकाने राजकारण्यांच्या फोन टॅपिंगवरचा तपास यंत्रणेचा अहवाल छापला. त्यावरून एक नागरी हक्क संघटना न्यायालयात गेली आणि १८ डिसेंबर १९९६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने गृहसचिवांची परवानगी, आदेशाची मुदत आणि आढावा समिती अशी चौकट आखून दिली. न्यायाधीशांची पूर्वपरवानगी मात्र त्या चौकटीत आली नाही. आदेश देणारेही सचिव आणि तपासणारेही सचिव, ही रचना तेव्हापासूनची. एका छापील बातमीतून न्यायालयाचा असा निकाल निघाला, हे पत्रकारितेचे श्रेय मोठे आहे. पुढच्या काळातील वार्तांकन त्या तोडीचे झाले असे मला वाटत नाही.

मुंबईवरच्या हल्ल्याला महिनाही झाला नव्हता, तेव्हा डिसेंबर २००८ मध्ये माहिती तंत्रज्ञान कायद्यातील दुरुस्ती संसदेत जवळपास चर्चेविनाच मंजूर झाली. देश सुन्न होता. दहशतवाद्यांनी इंटरनेटवरून फोन करून सीमेपलीकडून सूचना घेतल्याचे तपशील रोज बाहेर येत होते. अशा वेळी कलम ६९ मधून काय वगळले गेले, हे पाहायला फारसे कोणी थांबले नाही. तार कायद्यातली आणीबाणीची किंवा सार्वजनिक सुरक्षिततेची पूर्वअट या कलमात नव्हती. उलट 'कोणत्याही गुन्ह्याच्या तपासासाठी' हे कारण नव्याने आले. संदेश अडवण्याबरोबरच साठवलेली माहिती पाहण्याचाही अधिकार आला. माहितीचे सांकेतिक कुलूप (एन्क्रिप्शन) उघडून मागण्याचा अधिकार २००० च्या मूळ कायद्यातला, तो कायम राहिला. सहकार्य न करणाऱ्याला सात वर्षांपर्यंत कैदेची आधीचीच तरतूदही राहिली. पत्रकारांसाठीचे परंतुक इथे नव्हतेच. २७ ऑक्टोबर २००९ रोजी दुरुस्ती आणि तिच्याखालचे नियम लागू झाले, तेव्हाही ती पहिल्या पानाची बातमी झाली नाही.

त्यानंतर नऊ वर्षांनी अधिसूचना आली. केंद्रीय गृह मंत्रालयाच्या त्या छोट्याशा आदेशात दहा यंत्रणांची नावे होती. गुप्तवार्ता, केंद्रीय तपास, दहशतवादविरोधी तपास, अमली पदार्थ, महसुली गुप्तवार्ता, प्राप्तिकर, सक्तवसुली यांच्याबरोबर दिल्लीचे पोलिस आयुक्तही होते. संदेश पकडणाऱ्या लष्करी यंत्रणेला तेवढी जम्मू-काश्मीर, ईशान्य भारत आणि आसामपुरती मर्यादा होती. कोणत्याही संगणकातील, म्हणजे व्यवहारात मोबाइलमधीलही, तयार झालेली, पाठवलेली, आलेली किंवा साठवलेली माहिती, असे अधिसूचनेचे शब्द होते. ते थेट कलम ६९ मधून उचललेले होते, पण बहुतेकांनी पहिल्यांदा तेव्हाच वाचले. वाहिन्यांवर प्रत्येक घरातल्या संगणकावर आता दहा यंत्रणांची नजर राहणार, असे चित्र उभे राहिले.

ते चित्र कायद्याला धरून नव्हते. २००९ च्या नियमांप्रमाणे प्रत्येक प्रकरणात सक्षम अधिकाऱ्याचा, म्हणजे केंद्रात गृहसचिवांचा, लेखी आदेश लागतो. तातडीच्या प्रसंगी यंत्रणेने आधी कारवाई केली, तर तीन कामाच्या दिवसांत कळवावे आणि सात कामाच्या दिवसांत मंजुरी घ्यावी लागते. आदेश साठ दिवसांचा असतो आणि जास्तीत जास्त एकशे ऐंशी दिवसांपर्यंत वाढवता येतो. यंत्रणांची यादी २०११ पासून सेवा कंपन्यांना दिलेल्या कार्यपद्धतीत होतीच, असा खुलासा सरकारने केला. तो खरा धरला तर राजपत्रात आलेला कागद आतली यादी उघड करणारा होता. ज्या व्यवस्थेतले जवळपास काहीच बाहेर येत नाही, तिच्यातला जो एक कागद बाहेर आला त्यावर सगळा राग निघाला, आणि जे बाहेर येत नाही त्यावर कोणी बोलेना.

दुसऱ्या दिवशी राज्यसभेत सत्ताधारी बाजूने, राईसुद्धा नसताना पर्वत उभा केला जात आहे, अशा आशयाचे उत्तर आले. नियम आधीच्या सरकारचे आहेत याची आठवणही करून देण्यात आली. पाठोपाठ माहिती अधिकारातील २०१३ चे एक उत्तर बातम्यांत फिरले. त्यानुसार केंद्र सरकार दरमहा सरासरी ७,५०० ते ९,००० फोन आणि ३०० ते ५०० ई-मेल खात्यांवर पाळतीचे आदेश काढत होते. बातम्यांनी हा आकडा 'त्यांनी तर इतके केले होते' अशा चढाओढीत खर्च केला. २०१८ च्याच जुलैमध्ये विदा (डेटा) संरक्षणावरच्या तज्ज्ञ समितीने हाच आकडा अगदी वेगळ्या कारणासाठी वापरला होता. आढावा समिती दोन महिन्यांतून एकदा बसते, म्हणजे एका बैठकीत तिच्यापुढे १५,००० ते १८,००० आदेश येतात, आणि ते तपासणे वास्तवात शक्यच नाही, असे समितीने लिहून ठेवले होते. २००९ मध्ये कोणाचे सरकार होते आणि २०१८ मध्ये कोणाचे, याने या गणितात काडीचा फरक पडत नाही. सुरक्षेची हमी म्हणून ज्या आढाव्याचा दाखला दोन्ही पक्ष देत होते, तो त्या संख्येपुढे टिकत नव्हता. मला हीच त्या आठवड्याची मुख्य बातमी वाटते, आणि ती बहुतेकांकडून सुटली.

अधिसूचनेला आव्हान मिळाले, १४ जानेवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने केंद्राला नोटीस दिली, आणि विषय निवडणुकीच्या धामधुमीत विरला. खासगीपणा मूलभूत अधिकार असल्याचा नऊ न्यायाधीशांचा निकाल २४ ऑगस्ट २०१७ चा, त्यामुळे वाद घालायला भक्कम आधार होता.

पूर्वअटीला किती किंमत आहे, ते ऑक्टोबर २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात दिसले. लाचखोरीच्या प्रकरणात एका व्यावसायिकाचा फोन टॅप करण्याचे तीन आदेश न्यायालयाने रद्द केले, कारण आणीबाणी नव्हती आणि सार्वजनिक सुरक्षिततेचाही प्रश्न नव्हता. ध्वनिमुद्रणे नष्ट करण्यास सांगितले गेले. ते आदेश तार कायद्याखालचे होते. तीच माहिती ई-मेलमधून कलम ६९ खाली मागितली असती, तर गुन्ह्याचा तपास एवढे कारण पुरले असते. महाराष्ट्रात दोन वर्षांनी नेत्यांच्या फोन टॅपिंगचे आरोप गाजले, गुन्हे नोंदले गेले आणि २०२३ मध्ये उच्च न्यायालयात ते रद्द झाले. त्या साऱ्या काळात चर्चा कोणी कोणाचा फोन ऐकला याचीच होती. परवानगीच्या प्रस्तावात काय लिहिले जाते आणि ते कोण पडताळते, हा प्रश्न मराठी वाहिन्यांवर जेमतेम आला.

२०२१ च्या जुलैमध्ये पेगॅसस या इस्रायली स्पायवेअरचे, म्हणजे फोनमध्ये शिरून हेरगिरी करणाऱ्या सॉफ्टवेअरचे, प्रकरण आले. सर्वोच्च न्यायालयाच्या समितीने तपासलेल्या २९ फोनांपैकी पाचांत घातक सॉफ्टवेअर सापडले, ते तेच स्पायवेअर असल्याचा निर्णायक पुरावा मिळाला नाही, आणि सरकारने सहकार्य केले नाही. इथेही वार्तांकन, ज्यांचे फोन लक्ष्य झाल्याचे म्हटले गेले, त्यांच्या यादीतल्या नावांभोवती राहिले.

डिसेंबर २०२३ मध्ये नवा दूरसंचार कायदा झाला तेव्हा विरोधी बाकांवरचे बहुसंख्य खासदार निलंबित होते, आणि निलंबनाचीच बातमी मोठी ठरली. त्या कायद्याने आणीबाणीची पूर्वअट आणि पत्रकारांचे परंतुक दोन्ही राखले. डिसेंबर २०२४ च्या त्याखालील नियमांतही आढावा सचिवांकडेच राहिला. डिसेंबर २०२५ मध्ये प्रत्येक नव्या फोनमध्ये एक सरकारी ॲप सक्तीने घालण्याचा आदेश बाहेर आला आणि गदारोळानंतर काही दिवसांत मागे घेतला गेला. ॲप हातातल्या फोनवर दिसते, त्याची बातमी करणे सोपे असते. नियम दिसत नाहीत.

कलम ६९ मध्ये ती पूर्वअट आणि ते परंतुक अजूनही आलेले नाही. २०२३ च्याच विदा संरक्षण कायद्यात केंद्राला कोणतीही सरकारी यंत्रणा अधिसूचना काढून कायद्याबाहेर ठेवता येते, आणि आधीच्या मसुद्यांत पत्रकारितेला दिलेली सूट त्यातून काढून टाकली आहे. बातम्यांत मात्र अडीचशे कोटींपर्यंतचा दंड गाजला.