वादळी वारा व बर्फातील शिखरचढाई

उंच पर्वतमाथ्यावर सोसाट्याचा वारा आणि हिमवृष्टी यांना तोंड देत केलेली चढाई. नवख्याला धास्ती असते ती बर्फाची. खरा कस मात्र वाराच पाहतो.

उंची १,००० मीटरने वाढली की हवेचे तापमान सरासरी ६.५ अंश सेल्सिअसने उतरते. त्यात वारा अंगालगतचा उबदार हवेचा थर सतत उडवून लावतो. हवा उणे १० अंश आणि वारा ताशी ३० किमी असेल, तर उघड्या त्वचेला साधारण उणे २० अंशांइतकी थंडी जाणवते. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा रेटा चौपट होतो. खिंडीत आणि धारेवर तो आणखी जोर धरतो. अमेरिकेतील मौंट वॉशिंग्टनची उंची जेमतेम १,९१७ मीटर, तरी १२ एप्रिल १९३४ रोजी तेथील वेधशाळेत ताशी ३७२ किमी वेगाचा झोत नोंदला गेला. त्यामुळे केवळ उंचीवरून शिखराचा धोका जोखणे चुकीचे आहे.

धारेवर झोत आला की पाय फाकवून, खाली वाकून, हिमकुऱ्हाड बर्फात रोवून थांबतात. सगळा भार वाऱ्यावर टाकून चालणारा माणूस झोत एकाएकी थांबताच, वारा ज्या बाजूने येत होता त्याच बाजूला कोलमडतो. हातमोजा काढायचा झाला तरी तो मनगटाच्या दोरीला अडकवलेला हवा. एकदा उडालेला मोजा परत मिळत नाही, आणि त्यानंतर बोटांना हिमदंश व्हायला वेळ लागत नाही. पाण्याची बाटली उलटी ठेवतात, कारण पाणी वरून गोठू लागते आणि अशाने तोंड मोकळे राहते.

वारा बर्फ उचलून आडोशाच्या उतारावर नेऊन टाकतो. तेथे घट्ट पण ठिसूळ थर साचतो आणि माणसाच्या वजनाने तो अख्खा सुटू शकतो. बर्फ असा घसरून कोसळणे म्हणजे हिमस्खलन; बहुतेक हिमस्खलने ३० ते ४५ अंशांच्या उतारांवर होतात. धारेच्या कडेला बर्फाचे छज्जे बाहेर झुकलेले असतात. वरून ते भक्कम जमिनीसारखेच दिसतात आणि पुष्कळदा पाय पडतो त्याच्या बऱ्याच मागून तुटतात, म्हणून कडेपासून चांगले आत राहून चालावे. ढग आणि उडता बर्फ एक झाले की आकाश-जमीन वेगळी ओळखू येत नाही; अशा वेळी होकायंत्र, नकाशा आणि जीपीएस यांवरच भिस्त असते.

शरीराच्या गाभ्याचे तापमान ३५ अंशांखाली गेले की हायपोथर्मिया सुरू होतो. बोलणे अडखळते, पाय लटपटतात, साधी चेनसुद्धा लावता येत नाही. बाधित व्यक्तीला हे स्वतःला कळतेच असे नाही, म्हणून सोबत्यांनी एकमेकांवर लक्ष ठेवायचे असते. पुढे कुडकुडणे बंद पडले तर ते सुधारणेचे नव्हे, प्रकृती ढासळल्याचे लक्षण असते. कपड्यांचे थर लोकर किंवा कृत्रिम धाग्यांचे आणि त्यांवर वारारोधक जॅकेट असावे. सुती कपडा घामाने भिजला की ऊब धरत नाही.

परतण्याची वेळ पायथ्याशीच ठरवून घेतात. माथा समोर दिसत असताना, थकव्याने आणि विरळ हवेने मंदावलेल्या डोक्याने घेतलेल्या निर्णयावर विसंबता येत नाही. १० मे १९९६ रोजी एव्हरेस्टवर काही आरोहक दुपारी २ नंतरही माथ्याकडे चढत राहिले आणि उतरताना वादळात सापडले. त्या वादळात पर्वताच्या नेपाळ व तिबेट अशा दोन्ही बाजूंवर मिळून आठ जणांचा मृत्यू झाला.